मेव्हण्याची वॉचमनकी

माझ्या धाकट्या मेव्हण्यानं आयुष्यात एकही काम वाईट केलं नाही आणि एकही पुरं केलं नाही. जेवताना चार वेळा ताटावरून उठणाऱ्या या माणसाला मी, ओळख काढून, श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात वॉचमनची नोकरी लावून दिली. अकलेचे तारे मी बरेच तोडलेत, पण हा त्यातला सगळ्यांत तेजस्वी.

अशा माणसांसाठी आता डॉक्टरांकडे एडीएचडी असं नाव आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे एकच निदान होतं, 'याचं बूड टेकत नाही', आणि औषधही एकच, 'खाली बस'. आमच्या नगरच्या घरी एकदा तो आपणहून पंखा पुसायला चढला. एक पातं पुसल्यावर वायर सैल दिसली, म्हणून पक्कड घ्यायला उतरला. पक्कड शोधताना बंद पडलेला रेडिओ सापडला. संध्याकाळी रेडिओ ठणठणीत गात होता आणि वर पंख्याचं एक पातं पांढरं, दोन काळी. उरलेली दोन मी पुसायला हरकत नव्हती; पण माझं बूड एकदा टेकलं की टेकलं.

तिसगावच्या पाहुण्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, महिनाभरात नोकरी पक्की झाली तरच मुलगी देऊ. मुलगी त्याला फार आवडली होती. तिला बघताना तो सलग दहा मिनिटं बसला होता, यावरून काय ते समजा.

एकोणिसाव्या दिवशी मोठ्या साहेबांची जीप गेटवर आली. गेटला कुलूप. किल्ली मेव्हण्याच्या खिशात आणि मेव्हणा उसाच्या गाड्यांच्या रांगेत, एका बैलगाडीचं रुतलेलं चाक काढतोय. हॉर्न वाजवून साहेब थकले, तेव्हा हा चिखलानं माखून धावत आला.

"तुला गेटवर कशाला ठेवलंय?" साहेब कडाडले.

"मी बी तेच म्हनतो साहेब," हा मनापासून म्हणाला.

नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर तिसगावची मुलगीही. मी त्याला आणायला गेलो. स्टँडवर त्यानं अर्धा चहा तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "दाजी, खरं सांगा. माझ्यात काय कमी हाय?"

मी घसा खाकरला, तोवर स्वारी समोरची बंद पडलेली एस.टी. ढकलायला पोचली होती.

घरी हे मी हसत हसत सांगितलं. "बघ, प्रश्न विचारला आणि विसरला."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "विसरला नाही हो. तुमचं उत्तर ऐकावं लागू नये, म्हणून उठला."