दोघांच्या मधली चाल

आमच्या नितीनभाऊकडे चहाला बसलं की एक तरी किस्सा खिशात पडतोच. भाऊ मूळचा धुळ्याचा, पर्वत पाटिया या कापडवाल्यांच्या भागात साड्यांची डिझाइनं काढतो आणि उरलेल्या वेळात 'समकालीन संगीतरचना' करतो. उरलेला वेळ म्हणजे सुनीतावहिनीला हवा असतो तो!

कापडाच्या एका व्यापाऱ्याचं बालपण युगांडात गेलेलं. त्याने भाऊला तिथल्या झायलोफोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. केळीच्या खांबांवर लाकडाच्या जाड पट्ट्या आडव्या मांडायच्या आणि वादकांनी समोरासमोर बसून काठ्यांनी वाजवायच्या. भाऊ घरी येऊन म्हणाला, "आज माझे कान उघडले!"

वहिनी म्हणाली, "बरं झालं. सकाळपासून सांगतेय, दूध आणा!"

*

मग भाऊने स्वतः पट्ट्या तासल्या आणि टेम्पोतून केळीचे खांब आणले. संध्याकाळी अख्खा मजला हात धुऊन दारात हजर! केळीचे खांब म्हटल्यावर सत्यनारायणच की. वहिनीने मुकाट्याने शिरा टाकला. प्रसाद घेऊन सगळे गेले. पूजा कुठे मांडलीय, हे एकानेही विचारलं नाही.

*

रचना तिघांसाठी. भाऊ आणि वहिनी समोरासमोर, आणि माझ्या वाट्याला दोन पट्ट्या. "तुझी जबाबदारी सगळ्यात मोठी," असं भाऊने मला सांगितलं. मुख्यमंत्र्यांनी बिनखात्याच्या मंत्र्याला सांगावं तसं!

*

तालीम सुरू झाली. भाऊच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत वहिनीचा ठोका. वेग इतका की हात दिसेनात. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका धापा टाकत वर आले. घरात यंत्रमागच बसवले की काय, अशी त्यांना शंका. "नितीनभाई, घरमां लूम नाख्या के शुं?"

*

मी विचारलं, "पण यात चाल कोण वाजवतं?"

"कोणीच नाही," भाऊ खुशीत म्हणाला. "ती दोघांच्या मधे आपोआप ऐकू येते."

"म्हणजे घरकामासारखी," वहिनी म्हणाली. "करताना कोणी दिसत नाही, झालेलं मात्र असतं."

*

इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात आमचा पहिला कार्यक्रम ठरला. अध्यक्ष शास्त्रीय संगीताचे जाणकार, म्हणजे पहिल्या रांगेत बसणारे. त्यांनी आधीच विचारलं, "राग कोणता?"

भाऊ युगांडापासून समजावायला लागला.

"माझा," वहिनी म्हणाली.

कारण भाऊने तालमीपायी तिच्या माहेरचं लग्न बुडवलं होतं. आठवडाभर दोघांत अबोला. जेवायला वाढलंय, हे ती त्याला माझ्याकरवी सांगायची!

*

स्टेजवर बसले तेही तसेच. निम्म्यात भाऊ चुकला. हात हवेतच. वर्षभराची मेहनत मातीत जाणार, हे मला दिसत होतं आणि माझ्या दोन पट्ट्यांचा काही उपयोग नव्हता. वहिनीने वाजवता वाजवताच मान वर केली आणि म्हणाली, "आता!"

भाऊने बरोबर उडी घेतली. टाळ्या! अध्यक्ष म्हणाले, "तो एक शब्द काय जागेवर ठेवलाय हो! केवढा विचार!"

भाऊ नम्रपणे म्हणाला, "विचार तर करावाच लागतो."

वहिनीने ते ऐकलं. भाऊने तो 'आता' रचनेत कायमचा घालून टाकला.

पुढचा कार्यक्रम जवळच्याच चलथाण गावी. ती जागा आली. भाऊ ठरल्याप्रमाणे थांबला. वहिनीने काठ्या मांडीवर ठेवल्या, पदर सारखा केला आणि त्याच्याकडे बघत बसली. एक शब्द नाही. हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज.

शेवटी भाऊनेच अगदी हळू विचारलं, "आता?"

वहिनीने काठ्या उचलल्या.