टेबलाखालची घोरपड

मी दिवाणावर उभी होते. कानात हेडफोन होते, लॅपटॉप समोरच्या टेबलावर होता आणि टेबलाखाली घोरपड होती.

शेपटीसकट माझ्या हातापेक्षा लांब. सहकारनगरमधलं आमचं घर तळजाईच्या टेकडीला लागून आहे. वाऱ्यासाठी मागचं दार उघडं ठेवलं होतं, तिथूनच ती आली. तिने जीभ बाहेर काढून चार्जरची चौकशी केली, गार फरशीवर पोट टेकलं आणि डोळे मिटले. एप्रिलच्या उन्हातून आलेल्या कोणीही तेच केलं असतं.

हेडफोनमध्ये गो/नो-गो कॉल चालू होता. नवीन सॉफ्टवेअर क्लायंटकडे सुरू करण्याआधी सगळे एकत्र येतात. मॅनेजर एकेका टीमचं नाव घेतो. सुरू करायला हरकत नसेल तर ‘गो’ म्हणायचं, असेल तर ‘नो-गो’. मी टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं कुठे मोडतं ते शोधणं हे माझं काम. आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. कोणी काहीच बोललं नाही, तर अभिजित, म्हणजे आमचा मॅनेजर, ते ‘गो’ समजायचा. वेळ वाचतो, असं त्याचं म्हणणं.

मी कॉलवर बोलत नसे. माझं उत्तर चॅटमध्ये टाइप करायचे. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण इतक्या लोकांनी एकदम आपलं ऐकण्याची होती.

त्या दिवशी टाइप करायचं वाक्य महत्त्वाचं होतं. सॉफ्टवेअर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डसाठी होतं. नर्सने एका पेशंटचं पान बघितलं, बॅक बटण दाबलं आणि दुसरा पेशंट उघडला, की ॲलर्जीच्या चौकटीत कधीकधी पहिल्याच पेशंटची माहिती राहायची. म्हणजे ज्याला पेनिसिलिन चालत नाही, त्याला चालतं असं दिसायचं. हे मला त्याच सकाळी सापडलं होतं. मी लगेच अभिजितला कळवलं.

“बॅक कोण दाबतं गं? पुढच्या रिलीजमध्ये बघू,” तो म्हणाला. तो वाईट माणूस नाही. टीममधलं कोणी आजारी पडलं की डबा घेऊन जाणारा माणूस आहे. पण तारीख जवळ आली की त्याला फक्त तारीख दिसते.

घोरपड दिसताच मी किंकाळी मारली होती. ती ऐकून घरमालकीण काकू वरच्या मजल्यावरून खाली आल्या आणि खिडकीच्या जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या.

“काय झालं गं?”

मी बोट दाखवलं. काकूंनी चष्मा सारखा केला.

“भाडेकरू एकच, असं आपलं ठरलं होतं.”

“काकू, ती चावते का?”

“मला काय माहीत? माझी ओळख नाही. हलू नकोस, सर्पमित्राला फोन करते.” फोन झाल्यावर त्या पुन्हा जाळीशी आल्या. “तो म्हणतोय, तिच्या अंगावर जाऊ नका, बाहेर जायचं दार मोकळं ठेवा. तो स्वारगेटच्या चौकात अडकलाय. म्हणजे घोरपडच आधी घरी पोचेल.”

कानात अभिजितचा आवाज आला. “डेव्हलपमेंट?”

“गो.”

“सर्व्हर टीम?”

“गो.”

“टेस्टिंग?”

मी दिवाणाच्या कडेवरून टेबलाकडे हात लांबवला. घोरपडीने एक डोळा उघडला, गळा फुगवला आणि प्रेशर कुकरसारखा फुस्स आवाज केला. मी हात मागे घेतला.

“टेस्टिंगकडून काही नाही. ओके, मग गो धरतो.”

हेडफोनला म्यूट काढायचं बटण असतं. मी ते दाबलं.

“नो-गो!”

आवाज माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला.

“कोणाला ओरडतेस?” काकू खिडकीतून म्हणाल्या.

“तुम्हाला नाही हो, काकू!”

हेही सगळ्यांनी ऐकलं.

अभिजित इंग्रजीत, अगदी गोड आवाजात म्हणाला, “आपण यावर सकाळी बोललो होतो.”

“बोललो होतो. पण मी हो म्हटलं नव्हतं,” मी म्हणाले.

क्लायंटकडून कॉलवर मार्गारेट नावाच्या बाई असायच्या. पूर्वी त्या स्वतः नर्स होत्या. त्यांनी मला स्क्रीन दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, शक्य नाही, लॅपटॉपच्या टेबलाखाली मोठी पाल आहे. घोरपडीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या क्षणी आठवेना.

त्यांनी विचारलं, “किती मोठी?”

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग तू तिथेच थांब. तू सांग, मी इथे करून बघते.”

मी दिवाणावरून, पाहुणीची झोप मोडू नये अशा बेताने, हळू आवाजात सांगत गेले. पहिला पेशंट उघडा. बॅक. दुसरा उघडा. पहिल्यांदा काही झालं नाही. अजून एकदा, म्हटलं. मग बराच वेळ फक्त त्यांच्या माऊसचा आवाज येत राहिला.

“हं, दिसलं,” त्या म्हणाल्या. “वॉर्डात आम्ही दिवसभर बॅकच दाबत असतो.”

रिलीज थांबलं.

घोरपडही नंतर फार थांबली नाही. उठली, दिवाणाकडे एकदा बघितलं आणि आल्या वाटेने, अजिबात घाई न करता, बाहेर गेली. सर्पमित्र आला तेव्हा त्याच्यासाठी फक्त चहा उरला होता. “पाण्यासाठी येतात उन्हाळ्यात,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीशी पाण्याने भरलेली परात दिसली. “पक्ष्यांसाठी ठेवलीय,” काकू मी न विचारताच म्हणाल्या. आमच्याकडे परातीतून पाणी पिणारे पक्षी अजून तरी आलेले नाहीत.

चूक दुरुस्त होऊन सॉफ्टवेअर वॉर्डात सुरू झालं. अभिजित आता प्रत्येकाच्या तोंडून उत्तर ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. माझं नाव आलं की आधी विचारतो, “टेबलाखाली कोणी आहे का?”

कोणी नसतं. तरी मी बोलूनच सांगते. चॅटवर फार भरवसा ठेवू नये. टेबल कधी कोणाच्या ताब्यात जाईल, सांगता येत नाही.