सुखदेव मिस्त्रींनी निवडलेलं तेल

कोणीही गाडी घेऊन आला आणि "मिस्त्री, इंजिनात तेल कुठलं टाकू?" असं विचारलं, की सुखदेव मिस्त्री उत्तर देत नसत. आधी गाडीत चढत. ट्रक असला तर मागे हौद्यात जाऊन बसत, टॅक्सी असली तर मागच्या सीटवर. आमच्या गाडीत तर ते चक्क झोपले. चपला खाली काढून ठेवल्या, वरच्या फळीवर चढले, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "चालव गा. नंदनवन वस्तीले एक चक्कर मार."

मी चक्कर मारली. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. म्हातारा म्हणजे तेव्हा पंचेचाळीसच्या आसपासचा, पण केस पांढरे आणि हातांवर काळ्या रेघा कायमच्या उमटलेल्या. उतरल्यावर त्यांनी मैल विचारले नाहीत, इंजिन किती जुनं हेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "यात झोपते कोण?"

आमची गाडी म्हणजे चाकांवरचं घर होतं. एका जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर बसची बॉडी बसवलेली. डोळ्यांची शिबिरं घेणाऱ्या एका संस्थेची. आत पडदा लावून नर्सबाईंची जागा, इकडे आमच्या फळ्या, मागे पाण्याची टाकी, लोखंडी खाटा, हत्यारं उकळायचा हंडा, रॉकेलचे डबे, चष्म्यांच्या पेट्या, पंधरा दिवसांचे तांदूळ-डाळ. डॉक्टरसाहेब, दोन नर्सबाई, कंपाउंडर वासुदेवराव, स्वयंपाकी आणि मी ड्रायव्हर, असे सहाजण त्यात राहायचो. दिवाळीनंतर निघायचं आणि होळीच्या आत शेवटचं शिबिर उरकायचं. उन्हाळ्यात मोतीबिंदू काढायला लोक तयार नसत.

मी देवरुखकडचा. सातवीत शाळा सुटली, मग कोल्हापुरात ट्रकवर शिकलो आणि कोणाच्या तरी चिठ्ठीवर सव्विसाव्या वर्षी नागपूरला आलो. इथलं बोलणं सुरुवातीला अर्धंच कळे. कोणी 'का?' या अर्थानं "काहून?" म्हटलं की मला वाटे, रागावलाय. मिस्त्रींनी मला खोली बघून दिली. त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, पहिले दोन महिने मला जेवू घातलं. मला ताप आला तेव्हा गॅरेज बंद करून मिस्त्री माझ्या उशाशी बसले होते. परक्या गावात माझ्यासाठी कोणी काम बंद ठेवलं, असं तोवर झालं नव्हतं. नंतरही फारसं झालं नाही.

तेल निवडायला त्यांनी तीन दिवस घेतले. लाकडाच्या वखारीतल्या वजनकाट्यावर भरलेली गाडी नेऊन तोलली. आकडा पाहून जीभ चावली. मग जुनं तेल बोटांत चोळून, वास घेऊन, टिपकागदावर एक थेंब सोडला. थेंब पसरला नाही, डांबरासारखा जागीच बसला. आधीचा ड्रायव्हर कोणी सांगेल ते घट्ट तेल टाकी, म्हणजे इंजिनाची खडखड ऐकू येत नसे. मिस्त्रींना याचा फार राग. "खडखड थांबली म्हंजे दुखणं थांबलं का? तोंडात बोळा कोंबला त्याच्या."

मग त्यांनी मला समजावलं. ट्रक जाताना भरलेला असतो, येताना कधीकधी रिकामा येतो. त्याच्या इंजिनाला तेवढीच उसंत. "हे घर हाये. घर कधी रिकामं होते का?" जाताना भरलेलं, येताना भरलेलं, कच्च्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारं. साधं तेल यात शिजून जातं, त्याची साय धरते. म्हणून चाळीस नंबरचं, जड कामाचं, मळ धुऊन काढणारं नवं तेल टाकायचं. त्यात एक गोम होती, तीही त्यांनी माझा दंड धरून सांगितली.

"हे तेल इंजिन धुते. इतक्या वर्साचा मळ सुटन. सुटून जाईन कुठं? खाली चेंबरात, तेल ओढाच्या जाळीवर. जाळी बुजली का इंजिनाले तेल भेटत नाही, ते जाम होते. पाचशे किलोमीटर झाले का गाडी इथं आणजो. चेंबर खोलू, जाळी धुऊ, पुन्हा नवं तेल टाकू. एक दिवस लागन. तो दिवस कोणालेच देजो नको."

मी हो म्हणालो.

पाचशे किलोमीटर रामटेकच्या बाजूची दोन शिबिरं करून परत येईपर्यंतच झाले. इंजिन इतकं गोड चालत होतं, की वासुदेवराव म्हणाले, "कोकणातल्या पाहुण्यांचा हात लागला अन् गाडी गाऊ लागली." ते मला नेहमी पाहुणेच म्हणत. स्वयंपाकी पोळ्या करायचा तेव्हा माझ्या वाटणीचा भात ते स्वतः लावून घेत. परतल्यावर मी तेलाची काडी ओढून पाहिली. तेल काळंकुट्ट झालेलं. मिस्त्रींनी सांगितलं होतं तसंच. मळ सुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवनीकडच्या एका गावाला निघायचं होतं. मोसमातलं शेवटचं शिबिर. माणसं बैलगाड्यांनी येऊन शाळेत बसली आहेत असा निरोप होता. मला फक्त डॉक्टरसाहेबांना एवढं सांगायचं होतं, की गाडीला एक दिवस पाहिजे. साहेब कधी ओरडत नसत. पण आधीच्या ड्रायव्हरला त्यांनी "कारणं फार सांगतो" म्हणून काढल्याचं मी ऐकलं होतं. मी त्यांच्या दारापर्यंत गेलो. आतून कागद चाळल्याचा आवाज आला आणि मी मागे फिरलो. मिस्त्रींकडेही गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी चावी काढून घेतली असती.

कुरईच्या घाटात पळस फुलला होता. निम्मा चढ गेल्यावर तेलाच्या दाबाचा काटा थरथरायला लागला. मी काचेवर टिचकी मारली. काटाच बिघडला असेल, असं मनाला सांगितलं. पुढच्या वळणावर इंजिनानं एकच आचका दिला आणि ते जाम झालं. सवयीनं माझा पाय क्लचवर गेला आणि जाम इंजिनानं धरून ठेवलेली चाकं सुटली. तेवढं ओझं घेऊन गाडी मागे सरकायला लागली. इंजिन बंद पडल्यावर त्या गाडीच्या ब्रेकमध्ये दम उरत नसे. मी दोन्ही पाय देऊन उभा राहिलो, हँडब्रेक ओढला. वासुदेवराव लाकडी गुटका घेऊन मागच्या दारातून उडी मारून उतरले. त्यांनी तो चाकाखाली घातला. चाक त्यावर चढलं, गाडी तिरपी झाली आणि डोंगराच्या बाजूला जाऊन टेकली. गाडी आणि डोंगर यांच्या मध्ये वासुदेवराव होते.

खाली उतरून मी काय पाहिलं ते लिहिणार नाही. डॉक्टरसाहेब गुडघ्यांवर बसून त्यांची नाडी धरून होते. ती थांबल्यावरही बराच वेळ धरून होते.

चौकशी झाली. संस्थेची तीन माणसं मिस्त्रींच्या गॅरेजात आली. गाडी ओढून आणून चेंबर खोललेलं होतं. जाळीवर बोटभर जाडीचा काळा लगदा बसलेला. नवं तेल कोणी सुचवलं, असं विचारलं. मिस्त्री म्हणाले, मी. ते टाकल्यावर गाडी परत आणायला ड्रायव्हरला सांगितलं होतं का, असं विचारलं. मी बाजूलाच उभा होतो.

"नाही सांगितलं," मिस्त्री म्हणाले. "सांगाले पाहिजे होतं. इसरलो मी."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ती माणसं निघून गेल्यावर मी त्यांच्या पायांवर पडायला गेलो. त्यांनी खांद्याला धरून मला उभं केलं, थोडं रागानंच. पायांवर पडणं त्यांना खपत नसे. मी रडत विचारलं, मिस्त्री, असं का केलंत? त्यांनी सरळ सांगितलं, की माझी नोकरी गेली तर मला परत जायला घर नाही, त्यांना इथं आहे. मग चिंध्यांच्या बोळ्यानं हात पुसू लागले.

"अन् पुरं खोटंही नाही ते. मी गाडीचं वजन केलं, रस्ता पाह्यला, कोण झोपते ते पाह्यलं. चालवणाऱ्याले नाही पाह्यलं. ज्याले साहेबाले नाही म्हणता येत नाही, त्याच्या गाडीत हे तेल टाकाचंच नसते. त्याले जुनंच बरं, खडखडत का होईना."

पुढचं ते जरा हळू बोलले. "बापासंग बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा मी जवान पोट्टा होतो. त्या मैदानावर लाखो लोकायनं एका आवाजात सांगितलं, हे मानणार नाही, हे करणार नाही. तवापासून मले वाटे, नाही म्हणता आता सगळ्यायलेच येते. तिथंच चुकलो."

मी नोकरीत राहिलो. मिस्त्रींचं नाव मात्र खराब झालं. ड्रायव्हर लोकांत बोललं जाऊ लागलं, की सुखदेवच्या तेलानं माणूस मेला. संस्थेचं काम गेलं, ट्रकवाले गेले, शेवटी स्कूटरी आणि पंक्चरी उरल्या. वासुदेवरावांची बायको रस्त्यात मिस्त्री दिसले की थुंकून पलीकडे जाई. मिस्त्री मान खाली घालून जात. हे मी दोनदा डोळ्यांनी पाहिलं आणि दोन्ही वेळा सायकल वळवून दुसऱ्या गल्लीनं गेलो.

पाच-सहा वर्षांनी संस्थेनं नवी गाडी घेतली. घर तसंच, ओझं तसंच. एका निघायच्या दिवशी सकाळी मला तेलाचा दाब कमी वाटला. मी डॉक्टरसाहेबांच्या दारात गेलो. म्हणालो, "साहेब, आज गाडी निघणार नाही. एक दिवस पाहिजे."

साहेबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. "बरं. उद्या निघू," म्हणाले आणि पान उलटलं.

मी तिथून सरळ गॅरेजात गेलो. मिस्त्री एका स्कूटरचं चाक काढून बसले होते. तोवर त्यांना खोकला लागला होता, अंगावर मांस उरलं नव्हतं. मी जे झालं ते सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"बरं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच, मिस्त्री."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता तरी शिवी देतील. त्यांनी चाक पुन्हा मांडीवर ओढलं आणि नट चढवायला लागले. पण नट आट्यावर बसेना. मी त्यांच्या हातातून नट घेतला आणि बसवला.

त्याच पावसाळ्यात ते गेले. वस्तीतल्या लोकांनी बुद्धवंदना म्हटली. गाड्यांच्या धंद्यातला माझ्याशिवाय कोणीही आला नव्हता. वासुदेवरावांच्या बायकोला खरं काय ते सांगायचं मी ठरवत राहिलो, आणि ठरवता ठरवता ती बाईही आपल्या मुलाकडे भिलाईला निघून गेली.

म्हणून इथं लिहितो. तेल बरोबर होतं. मिस्त्री विसरले नव्हते. माझा दंड धरून त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो.