मैदानावरचा सगळ्यात चपळ माणूस

दिंडोशीला मी मुलींना कबड्डी शिकवतो. तिथे खेळाडूंची चपळाई यंत्राने मोजणारे एक साहेब एकदाच आले. नाव विसरलो, लक्षात राहिले ते त्यांचे पांढरेशुभ्र बूट आणि सारखा रुमालाने टॅब पुसायची सवय.

त्यांनी मुलींच्या घोट्यांना सेन्सरचे पट्टे बांधले. चढाईला आलेलीचा पाय हलला, की पकडणारीचा पाय किती वेळात हलतो, ते टॅबवर उमटणार होतं. खेळ सुरू झाला. मी मुलींकडे बघत होतो, ते टॅबकडे.

शेवटी त्यांनी आमच्या कोपऱ्यावरच्या मुलीला सगळ्यांत मंद ठरवलं. खरं तर हिच्या हातात घोटा सापडला, की समोरचीचा खेळ खलास!

"अहो, समोरची नुसती हूल देते. ही फसत नाही, म्हणून हलत नाही," मी म्हणालो.

"भावना बाजूला ठेवा, सर. डेटा खोटं बोलत नाही ना!" त्यांनी टॅब पुसला.

मग मीच म्हटलं, तुम्हीपण पट्टा बांधून उभे राहा की. ते हौसेने राहिले. तीच मुलगी चढाईला गेली. तिने एक पाय जरासा पुढे केला आणि मागे घेतला, बस. साहेबांनी मागे अशी उडी घेतली की बूट वर आणि पाठ मातीत. पोरी फिदीफिदी हसल्या.

मी हात द्यायला धावलो, तर त्यांनी आधी टॅब मागितला. पडल्या पडल्या आकडा वाचला आणि चेहरा उजळला.

"बघा सर, सगळ्यांत फास्ट मी!"