अर्ध्या ट्यूबांचा डबा

आज सोमवार. दादाला जाऊन वर्ष झालं.

सकाळी रोह्याहून गाडीने पेणला उतरलो. तिथून रिक्षाने खाडीकाठी, आमच्या गावी. वर्षश्राद्ध झालं. भाऊबंद जेवून गेले. दुपारी घरात मी आणि वहिनी, दोघंच.

दादाच्या डाव्या पायाची करंगळी माझ्यामुळे गेली. हे लिहायला मला आठ वर्षं लागली.

मी रोह्याला मलमाच्या ट्यूबा भरणाऱ्या कंपनीत आहे. मशीन सुरू केलं की पहिल्या काही ट्यूबा वजनाला कमी भरतात. त्या नष्ट करायच्या असतात. मी त्यातल्या चार-दोन जेवणाच्या डब्यात घालून गावी न्यायचो. आतलं औषध तेच, अँटिबायोटिक. वाया कशाला घालवायचं, एवढाच विचार.

दादा मिठागरावर कामाला. पावसाळ्यात घरची भातशेती. गावात बहुतेकांच्या पायांना भेगा, चिरा, फोड. माझी ट्यूब आली की घरोघर फिरायची. आज एकाच्या टाचेला, उद्या दुसऱ्याच्या गळवाला. जखम वरून सुकली की झाकण लावून ट्यूब पुढच्या घरी. जखम बरी होईपर्यंत कोणी लावलंच नाही. पुरवून वापरणं हे आमच्याकडे शहाणपणच.

शेजारची काकी म्हणायची, "सुऱ्या, तुझं मलम म्हंजे देवाचा अंगारा रं."

मला बरं वाटायचं.

मग खाडीत दादाच्या करंगळीला कालवाचं धारदार शिंपलं लागलं. पंधरा दिवस तो आमचंच मलम लावून खाऱ्या पाण्यात उभा राहत होता. बोट काळंनिळं झालं तेव्हा वहिनीने फोन केला. मी त्याला पेणला डॉक्टर बाईंकडे नेलं.

"काका, आधी काय लावलं यावर?"

मी गप्प.

दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "झाडपाला," म्हणाला.

बाईंनी मलम लिहून दिलं. मी चिठ्ठी वाचली. औषध आमचंच. तेव्हाही मी गप्प.

बाहेर आल्यावर म्हणालो, "दादा, खोटं कशाला बोललास?"

"तुझी नोकरी जाईल ना रं. बोटांचं काय, धा हायत."

आठवड्याने सूज घोट्यापर्यंत आली. बाईंनी पू तपासायला पाठवला. रिपोर्टवर औषधांची यादी, प्रत्येकापुढे एस नाहीतर आर. एस म्हणजे त्या औषधाने जंतू मरतो. आर म्हणजे मरत नाही.

आमच्या औषधापुढे आर.

तेव्हा मी बोललो. ट्यूबा, घरं, किती वर्षं, सगळं.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आठवड्यापूर्वी बोलला असतात तर बोट वाचवायचा प्रयत्न केला असता. आता पाय वाचवू."

बोट काढलं. पण जखम भरेना. पोटात घ्यायच्या गोळ्या चालू होत्याच. मग बाईंनी जखमेत एक पातळ पांढरी चकती ठेवली, स्पंजासारखी. तिच्यात दुसरं औषध होतं, रिपोर्टवर एस असलेलं. वरून ड्रेसिंग बंद.

"मलम पुसलं जातं, धुतलं जातं," बाई दादाला सांगत होत्या. "मग थोडंसंच औषध उरतं. तेवढ्याने जंतू मरत नाही, सरावतो. ही चकती जागेवर राहते. विरघळत जाते आणि जखमेलाच औषध देत राहते."

दादाने पायाकडे बघितलं.

"म्हंजे युरियाची गोळी."

बाईंना कळलं नाही.

"युरिया वरून फेकला तं पान्याबरोबर वाहून जातो. तीच गोळी चार रोपांच्या मधी चिखलात खोचली, की रोप तिथनंच खात ऱ्हातं."

बाई हसल्या. "अगदी तसंच. फक्त मध्येच उघडून बघायचं नाही."

"गोळी खोचल्यावर चिखल कोन उकरतो बाय?"

त्याने खरंच हात लावला नाही. जो चुलीवरच्या भाताचं झाकण दहादा उघडून बघायचा, तो माणूस ड्रेसिंगकडे नुसता बघत बसायचा. अशा तीन चकत्या झाल्या. जखम भरली. पाय राहिला.

पुढच्या मोसमात तो परत मिठागरावर. "चप्पल सटकते रं आता," म्हणून हसायचा. ट्यूबांबद्दल मला कधी एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. नंतर ट्यूबा नेल्या नाहीत, एवढंच.

गेल्या वर्षी मिठागराच्या बांधावरच त्याला हार्ट अटॅक आला.

आज निघताना वहिनीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ठेवला.

"भावजी, ह्यो तुमचा."

आत ट्यूबा. मागून गुंडाळत आणलेल्या, अर्ध्या, पाव. काही तर इतक्या जुन्या की वरची अक्षरं पुसलेली.

"पाय बरा झाला तवा काठी टेकत घरोघर फिरले. बोट दाखवायचे नि बोलायचे, मी ट्यूब पुरवून वापरली त्याचं ह्ये झालं, तुमी नका वापरू, द्या हिकडं. तुमचं नाव नाय काढलं."

"मग टाकल्या का नाहीत?"

"मी बोलले, टाका खाडीत. तं बोलले, खाडीत नको गो. कसं टाकायचं त्ये सुऱ्याला ठावं, तो नेल. पन त्याच्या हातात द्यायला लाज वाटते. त्याला वाईट वाटंल."

मी डब्याचं झाकण लावलं.

निघण्याआधी त्या बांधावर जाऊन आलो. अनवाणी.

उद्या पहिली शिफ्ट आहे. डबा कंपनीत जमा करणार आहे. एवढ्या ट्यूबा बाहेर कशा गेल्या, असं विचारतील. या वेळी पहिल्यांदा विचारतील तेव्हाच सांगणार आहे.

दादा, डबा मिळाला. आता माझ्यासाठी कोणाला झाडपाला सांगू नकोस. तुला नमस्कार.

संध्याकाळी रोह्याला खोलीवर आलो तर टाचेला शिंपल्याची बारीक चीर दिसली. नळाखाली साबणाने नीट धुतली. फडक्याने टिपली. डबा शेजारीच होता.

वर काही लावलं नाही.