जमादाराच्या डोक्याची तपासणी

आता ऐकाच, माझ्या जिभेने माझ्याच नवऱ्याची खाकी कशी उतरवायला घेतली होती ते! आधीच हसायचं नाही हं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. संग्रामपूरच्या बाजूला एका पोलीस लाइनीत आम्ही राहायचो. आमचे हे जमादार. जत्रेच्या बंदोबस्तात जागून जागून सकाळच्या परेडला ह्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली. झोपेतच जोरात हुकूम सोडला, "सावधान!" समोर कोण? खुद्द फौजदारसाहेब! आणि साहेबांनी खाडकन टाचा जुळवल्या की हो!

सगळी लाइन हसली. साहेब भडकले. "जमादाराचं डोकं फिरलंय," म्हणत पट्टा काढून घेतला आणि ह्यांना धाडलं बुलढाण्याला, डॉक्टरांकडून डोकं तपासायला. डॉक्टरांनी नापास केलं, तर नोकरीही गेली आणि राहती खोलीही!

घरच्या माणसालाही बोलावलं होतं. ह्यांनी एसटीत बजावलं, "जेवढं पुसतीन तेवढंच सांगजो वं!"

पण नुकतंच धाकट्या दिराचं लग्न जमवलं होतं ना! वडनेरचे पाहुणे चौकशीला आले की, मुलगा किती गरीब, किती शांत, हेच सांगत होते मी. तेच तोंडात बसलेलं!

डॉक्टर म्हणाले, "यांना राग येतो का?"

"राग? नाव नका घेऊ! कोणी शिव्या देल्या तरी मान खाली घालतेत."

डॉक्टरांच्या भुवया वर. "आणि चोर समोर आला तर?"

"त्याले बी अहो-जाहो करतेत! गरीब गाय हाये जी!"

शेजारी बसलेले हे पायाने मला खुणावत होते. मला वाटलं, अजून सांग म्हणताहेत!

"झोप?"

"पडले का लागलीच! घरात भांड्याची उतरंड पडली तरी उठत नाहीत."

"मग रात्रपाळीला काय करतात?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. नवरदेवाचे गुण पोलिसाला चालत नाहीत! मी घाबरून उलटी फिरले.

"नाही जी! मारतेत बी! लय मारतेत!"

"कोणाला?"

"मले नाही जी! गाद्याइले! दिवाळीत झटकाले काढल्या का लाठीनं अशा हाणतेत, का कापूस बाहीर!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. संपलं! माझे तर डोळेच भरून आले.

"जमादार, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नाही साहेब," हे शांतपणे म्हणाले. "घरी बी असंच असते."

डॉक्टर इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, "रोज हे ऐकून ज्याचं डोकं ठिकाणावर आहे, त्याला जत्रेची गर्दी काय करणार? पास! पट्टा घ्या परत."

परतताना मी ऐटीत म्हटलं, "पाहा, माह्यामुळंच पास झाले तुमी!"

"हाव वं," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "डॉक्टर तेच तर म्हणे."

आता काय सांगू? डॉक्टरांचं ते वाक्य माझं कौतुक समजून मी अख्ख्या लाइनीत घरोघरी जाऊन सांगितलं! आणि वर प्रत्येकीला विचारलं, "काऊन हासून राह्यली वं?"