काट्यावरचं लुगडं

यंदाच्या पौषात, एका मंगळवारी सकाळी साडेसहाला, कुसाबाई जनरल हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाबाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. याच इमारतीत त्यांनी आया म्हणून एकोणतीस वर्षं काढली होती, पण या बाकावर बसायची ही पहिलीच वेळ. ड्यूटीवर असताना बाकावर बसायचे ते नातेवाईक, आणि त्यांना उठवायच्या त्या कुसाबाई. आज आत त्यांची नात तेजस्विनी होती. तेजस्विनीची आई खाली केसपेपरच्या रांगेत उभी होती, आणि शेजारी तेजस्विनीच्या सासूबाई, भागीबाई, मांडीवर एक बोचकं घट्ट धरून बसल्या होत्या.

"काय आणलंय एवढं?" कुसाबाईंनी विचारलं.

"माझ्या सासूचं लुगडं हाय, फाडून तुकडा आणलाय. पाचवीपर्यंत यातच ठेवायचं बाळाला. दवाखान्याचं फडकं नको बाई."

कुसाबाई गालात हसल्या. समोरच्या भिंतीवर एक कार्ड चिकटवलेलं होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, मधोमध एका तान्ह्या बाळाच्या पावलाची छापील आकृती, आणि खाली एक ओळ: बाळाचं पाऊल या आकृतीच्या आत मावत असेल तर बाळाला लगेच दवाखान्यात आणा. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघतही नव्हते. कुसाबाईंची नजर मात्र तिथेच खिळली.

दोन हजार तीन सालची दिवाळी नुकतीच झाली होती. कुसाबाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. अकरा वर्षं नोकरी होऊनही त्या हंगामीच होत्या. मखमलाबादला दीड एकराचा झेंडूचा मळा, तो त्यांचे यजमान भिमाजी बघायचे. सकाळच्या पाळीला त्या पहिल्या बसने यायच्या. वॉर्डात त्यांना सगळे मावशी म्हणत. डेटॉलचा वास, स्टोव्हवर खदखदणारं पाण्याचं पातेलं, गच्चीवर वाळत घातलेली कापडं आणि दहा वाजता मनीषा सिस्टरबरोबर बशीतून प्यायलेला चहा, एवढ्यात त्यांचा दिवस मावायचा.

त्या वर्षी बालरोग विभागातले डॉक्टर बोरस्ते एक कल्पना घेऊन आले. सडपातळ माणूस, खिशाला कायम शाईचा डाग, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर बाळ जन्मलं तर त्याचं वजन कोण करतं? काटाच नाही. पण पाऊल तर प्रत्येक बाळाला असतं. पाऊल बघून बाळ नाजूक आहे की नाही ते कळलं, तर एक कागदाचं कार्ड पुरेल."

हे खरं आहे का ते बघायचं, तर शेकडो बाळांची वजनं आणि पावलं मोजायला हवी होती. बाहेरून कोणी मदत दिली नव्हती. हॉस्पिटलच्या भिकन सुताराने जुन्या खिडकीच्या फळीवर शाळेतली पारदर्शक फूटपट्टी बसवून दिली, टाच टेकायला एक ठोकळा लावला, आणि पावलाचं माप घ्यायचं यंत्र तयार झालं. सकाळच्या पाळीला माणसं तीनच. कुसाबाई बाळ काट्यावर ठेवून आकडा मोठ्याने सांगायच्या, मनीषा सिस्टर तो वहीत लिहायच्या. पाऊल मोजायचे डॉक्टर स्वतः, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या वहीत. वजन त्यांना आधी कळता कामा नये, असा त्यांचाच नियम होता.

"वजन माहीत असलं की हात त्या बाजूला झुकतो, मावशी," ते म्हणाले होते.

दुसरा नियम असा की बाळ उघडं ठेवून वजन करायचं. कुसाबाईंनी मान डोलावली होती. पण कार्तिक सरला आणि गारठा पडू लागला. एका सकाळी त्यांनी एक इवलंसं पोर काट्याच्या पत्र्यावर ठेवलं, तर ते एवढं दचकलं की त्याचे दोन्ही हात वर उडाले आणि ओठ थरथरायला लागले. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या आईची दोन जुनी लुगडी घेऊन आल्या. हाताने मापून त्यांचे सारखे आठ तुकडे केले, काठाला टीप मारली, उकळून गच्चीवर वाळवले. तेव्हापासून गार सकाळी आधी लुगड्याचा तुकडा, त्यावर बाळ, आणि तुकड्याची टोकं बाळाच्या अंगावर. पोरं रडायची थांबली. मनीषा सिस्टर पडद्यापलीकडे टेबलाशी लिहायला बसत, त्यांना आकडा तेवढा ऐकू यायचा.

नियम मोडतोय असं कुसाबाईंच्या मनातही आलं नाही. उघडं म्हणजे झबलं-टोपडं नको, एवढाच अर्थ त्यांनी घेतला होता.

संक्रांतीला आठ दिवस राहिले असताना डॉक्टरांनी दोन्ही वह्या समोर ठेवल्या आणि आलेखाच्या कागदावर एकेका बाळाचा एकेक ठिपका काढला. पाऊल मोठं तसं वजन जास्त, असे ठिपके तिरके वर चढत गेले होते. पण पंचवीस-तीस ठिपके त्या रांगेतून फुटून भलतीकडे उभे होते. पाऊल लहान आणि वजन मात्र चांगलं. सगळे सकाळच्या पाळीचे, सगळे मनीषा सिस्टरच्या अक्षरातले.

"सिस्टर," डॉक्टरांनी विचारलं, "ही वजनं खरोखर घेतली, की घाईत नंतर भरली?"

आवाज चढला नव्हता. पण वॉर्डात चार माणसं उभी होती. बारा वर्षांत मनीषा सिस्टरना असं कोणी विचारलं नव्हतं.

"मी ऐकलं तेच लिहिलं, सर," त्या म्हणाल्या. दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. दहाचा चहाही तसाच गार झाला होता. डॉक्टरांनी दोन दिवसांत मेट्रनला कळवायचं ठरवलंय, अशी कुजबुज संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यावर पसरली.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या अमित क्लार्कने कुसाबाईंना जिन्यात गाठलं होतं. "मावशी, तुमची कायम व्हायची फाईल वर गेली. संक्रांतीला ऑर्डर येईल. पेढ्यांचं बघा. फक्त एवढ्यात काही तक्रार अंगावर घेऊ नका."

घरी आल्या तेव्हा भिमाजी अंगणात फुलांच्या पाट्या ताणकाट्याला लावत होते. कुसाबाई वही घेऊन बसल्या. हे रोजचंच काम होतं.

"अठरा," भिमाजी म्हणाले.

कुसाबाईंनी अठरा लिहिले.

"अगं, अठरा काय लिहिती? पाटीचं दीड किलो कोण काढणार? फुलं साडेसोळाच हाय."

कुसाबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. गेली वीस वर्षं त्या पाटीचं वजन वजा करत होत्या. आज पहिल्यांदा चुकल्या. चुकल्या, आणि लगेच त्यांना आईच्या लुगड्याचे ते आठ तुकडे दिसले.

"काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. भिमाजी खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मंग सांग की सकाळी."

"ऑर्डर अडकली मंजी? अकरा वर्षं झाली वाट बघून."

"अडकू दे. झेंडू कुठं पळून चाललाय? अन् नाय सांगितलं, तर त्या सिस्टरच्या हातचा चहा तुला गोड लागंल का?"

सकाळी कुसाबाई आठही तुकडे फडक्यात बांधून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मनीषा सिस्टर तिथेच वह्या घेऊन उभ्या होत्या.

"साहेब, सिस्टरनं काय बी खोटं लिव्हलं नाय. मी आकडा सांगितला त्यो या कापडासकट हाय."

डॉक्टरांनी एक तुकडा काट्यावर ठेवला. काटा एकशेचाळीस ग्रॅमवर थांबला. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. पाच-सात ग्रॅम इकडे-तिकडे, पण सगळे तेवढेच.

"किती बाळांना?"

"मोजलं नाय. गार सकाळची सगळी. ऊन पडलं की नुसतीच ठेवायची."

कुसाबाईंना वाटलं होतं, साहेब ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण डॉक्टरांनी वही ओढली आणि लाल पेन्सिलने खुणा करायला लागले. "पाऊल लहान, वजन अडीच किलोच्या वर लिहिलेलं, म्हणून तिसऱ्या दिवशी घरी सोडलेली," ते स्वतःशीच म्हणत होते. "खरं तर यांना ठेवून घ्यायला हवं होतं." अकरा नावं निघाली.

तेव्हा कुठे कुसाबाईंना कळलं, की प्रश्न ऑर्डरचा नव्हता आणि वहीचाही नव्हता. प्रश्न त्या अकरा पोरांच्या जिवाचा होता.

दोन दिवसांत अकराही घरं बघायची ठरली. शहरातली सात डॉक्टरांनी आणि नर्सिंगच्या मुलींनी वाटून घेतली. निफाडकडच्या चार घरांना मनीषा सिस्टर निघाल्या, तशा कुसाबाईही पायात चपला घालून उभ्या राहिल्या. द्वारकेच्या चौकातून जीप मिळाली. तासभर दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि दोघीही खिडकीबाहेर बघत होत्या.

पहिली तीन बाळं ठीक होती. चौथं घर द्राक्षबागेच्या कडेला होतं. पहाटे बागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर अजून वेलींमध्ये रेंगाळत होता. दारात अक्काबाई म्हणून म्हातारी बसली होती.

"सून बरी हाय, पोरगी बी बरी हाय," ती म्हणाली. "रडत नाय, काय नाय. लय गुणाची. दवाखान्यातच म्हणले ना, वजन चांगलं हाय म्हणून?"

आत शुभांगी नावाची विशीतली आई चोवीस दिवसांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी खरंच रडत नव्हती. कुसाबाईंनी तिच्या तळपायाला हात लावला. तो बर्फासारखा गार होता.

"बाळे, चोळी सोड," त्या शुभांगीला म्हणाल्या. "हिला उघडी करून छातीशी धर, वरून शाल घे. आन् आत्ता निघायचं आपल्याला."

परतीच्या जीपमध्ये जराही वारा आत येऊ नये म्हणून कुसाबाई खिडकीशी पाठ लावून उभ्यासारख्याच बसल्या. आडगाव मागे पडलं तेव्हा शालीतून एक बारीक, चिरका आवाज आला. मुलगी रडत होती. मनीषा सिस्टरनी इतक्या वेळात पहिल्यांदा कुसाबाईंकडे पाहिलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

मुलगी सतरा दिवस वॉर्डात राहिली आणि धडधाकट होऊन घरी गेली.

संक्रांतीला डॉक्टर बोरस्ते तिळगुळाची पुडी घेऊन आले, आणि ज्या ठिकाणी तो प्रश्न विचारला होता, तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर त्यांनी ती मनीषा सिस्टरपुढे धरली.

"माझं चुकलं, सिस्टर."

"तिळगूळ घेते," सिस्टर म्हणाल्या. "गोड बोलायचं मात्र या वर्षी तुमच्याकडे."

वॉर्डात हशा पिकला. डॉक्टरही हसले. मग त्यांनी त्या हिवाळ्यातल्या सकाळच्या पाळीच्या सगळ्या नोंदींवर आडवी रेघ मारली. सिस्टर म्हणाल्या, "एवढी मेहनत, सर. एकशेचाळीस वजा केले तर?"

"कोणत्या बाळाला कापड होतं ते नक्की माहीत नाही. वजा करता येईल, पण मग त्याला मी मोजलेलं म्हणू शकणार नाही."

पुढच्या थंडीत पुन्हा पहिल्यापासून मोजणी झाली. लुगड्याचे तुकडे मात्र डॉक्टरांनी राहू दिले. काट्याशेजारी त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली: आधी कापड, मग काटा शून्यावर, मग बाळ. कुसाबाईंची ऑर्डर संक्रांतीला आली नाही, चैत्रात आली. उशीर कशामुळे झाला ते त्यांनी कोणाला विचारलं नाही. पावलाचं कार्ड छापून झालं तेव्हा पहिला गठ्ठा पेठच्या जीपमध्ये त्यांनीच चढवला.

डॉक्टर बोरस्ते पुढे बदली होऊन गेले. मनीषा सिस्टर निवृत्तीनंतर गंगापूर रोडला मुलाकडे राहायला गेल्या आणि गेल्या वर्षी वारल्या. भिमाजींना जाऊन चार वर्षं झाली. आज त्या बाकावर बसलेल्या कुसाबाईंना वाटलं, हे सगळं आता फक्त आपल्या एकटीजवळ उरलंय.

"तेजस्विनीचे कोण?" दारातून एका तरुण सिस्टरने हाक दिली. "मुलगी झाली. एक-दोघी आत या."

आत आता आकडे दाखवणारा काटा होता. सिस्टरने हीटरखालचं ऊबदार कापड काट्यावर अंथरलं आणि एक बटण दाबलं. आकडे शून्य झाले. मग तिने बाळ ठेवलं. कुसाबाई श्वास धरून बघत होत्या. तेवढ्यात भागीबाई पुढे झाल्या आणि बोचक्यातला लुगड्याचा तुकडा चटकन बाळावर पांघरला.

"गारठंल ना गं बाई."

काट्यावर दोन किलो सहाशे दहा आलं. सिस्टरने लिहायला पेन उचललं.

"थांब, पोरी," कुसाबाई म्हणाल्या. "भागीबाई, ते काढा."

"आवं, थंडी किती हाय..."

"एक मिनिट. ऊबदार कापड हाय तिच्या खाली. काढा ते."

भागीबाईंनी नाराजीने लुगडं उचललं. आकडे खाली आले आणि दोन किलो चारशे सत्तरवर थांबले. सिस्टरने ते लिहिलं, मग पट्टीवर बाळाची टाच टेकवून पाऊल मोजलं.

"थोडी नाजूक आहे. चार-पाच दिवस ठेवून घेऊ, आजी. काळजीचं काही नाही." मग तिने कुसाबाईंकडे पाहिलं. "तुम्हाला यातलं कळतं वाटतं?"

"थोडंफार."

"आत्ता तर चांगली सहाशे भरली होती की," भागीबाई कुरकुरल्या.

"ते लुगड्याचं होतं," कुसाबाई म्हणाल्या. त्यांनी भागीबाईंच्या हातातून लुगडं घेतलं, काट्यावरच्या पोरीला अलगद उचललं, आणि तिची पावलं आधी झाकून मग बाकीचं अंग त्यात गुंडाळलं.